श्पार्गेलच्या दिवसांतला कडू घास

सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ती लाल लाकडी टपरी परत उभी राहिली. म्हणजे श्पार्गेल आले. ही इथली भाजी, पांढऱ्या कांड्या असतात, बोटाएवढ्या जाड, उजेडाचा कवडसाही लागू न देता मातीच्या वरंब्याखाली वाढवलेल्या. टपरीतली बाई त्या ओल्या फडक्यावर ओळीनं निजवते आणि एरवी कुणाकडे वळून न बघणारी ही जर्मन माणसं त्यांच्यापुढे मान तिरकी करून उभी राहतात. शेंडा बघतात, बुडखा दाबतात, वास घेतात. एवढं निरखून यांनी कधी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघितलेलं मला आठवत नाही. चवीचं म्हणाल तर काही नाही. पाण्यात उकडलेला देठ खाल्ल्यासारखं लागतं. मी खाल्लेत, म्हणून सांगतो.

कायझर्सलाउटर्नला मुलाकडे मी दुसऱ्यांदा आलोय. मुलगा सुधीर इथं एका संशोधन संस्थेत आहे, सून मेघना कॉम्प्युटरचं काम करते. दोघं सकाळी निघून जातात आणि मी खिडकीत बसतो. समोर चेस्टनटची झाडं आहेत. या दिवसांत त्यांना पांढरे तुरे येतात, उभ्या मेणबत्त्या लावल्यासारखे. जांभळ्या फुलांचा वास जिन्यापर्यंत येतो. आणि डोक्यावरून अमेरिकेची लष्करी विमानं जातात, गाभण म्हशीसारखी जड. जवळच त्यांचा मोठा तळ आहे, त्यामुळे या गावात भाजीच्या रांगेत दर दोन माणसांमागे एक अमेरिकन. जर्मन लोक त्यांना 'आमी' म्हणतात. त्यांचा पैसा घेतात, त्यांना घरं भाड्यानं देतात, आणि पाठ वळली की नाक मुरडतात.

परवा टपरी बघून घरी आलो तर टीव्ही लागलेला. अमेरिकेत पुन्हा कुणीतरी बंदूक घेऊन माणसं मारली होती. पडद्यावर त्याच मेणबत्त्या, तीच कापसाची अस्वलं, तोच कुणीतरी टाय घातलेला माणूस, प्रार्थना करतो म्हणून सांगणारा. मला वाटतं त्या देशात याचाही एक हंगाम असतो. पीक आलं की व्यापारी येतात, तसे हे बोलणारे येतात. आणि मला मागच्या खेपेचा वसंत आठवला. तेव्हाही टपरी अशीच उभी होती, झाडांवर मेणबत्त्या अशाच होत्या, फक्त खालच्या मजल्यावर कॅरल राहत होती.

मी चौथी शिकलो. पुढं ट्रक चालवला, जन्मभर. हे मी लाजून सांगत नाही. ज्याला लाज वाटायची त्यानं माझ्या ट्रकमध्ये बसून घाट उतरून दाखवावा, मग बोलू. माझं लिहिणं कच्चं आहे, ऱ्हस्व-दीर्घ सुधीर बघून देतो. मजकुराला मात्र हात लावायचा नाही, असं त्याला बजावलंय, कारण या मजकुरात तोही आहे.

त्या वर्षी बातमी आली ती शुक्रवारी, आणि शनिवारी आमच्याकडे मंडळी जेवायला होती. इथं मराठी पोरं बरीच. कुणी पीएचडी करतंय, कुणी मोटारीच्या कंपनीत इंजिनियर. महिन्यातून एकदा एकेकाच्या घरी जमतात. पावभाजी होती. बातम्या लागल्या. अमेरिकेत एका कॉलेजात गोळीबार, माणसं मेली, मारणाराही मेला, नाव अजून सांगितलेलं नाही. झालं. पावाचा तुकडा हातात तसाच धरून सगळ्यांनी एकच खेळ सुरू केला, ओळखा पाहू कोण.

एक जण म्हणाला, शंभर टक्के मुसलमान, पॅटर्न तोच आहे. दुसरा म्हणाला, गेनाऊ. इथं आल्यापासून हा पोरगा 'बरोबर'च्या जागी गेनाऊच म्हणतो, बापाशी फोनवर बोलतानासुद्धा. तिसऱ्याचं म्हणणं पडलं की काळा असणार, तिकडे त्यांच्यात गँग असतात. चौथी एक मुलगी होती, शिकलेली, चष्मेवाली, ती म्हणाली की देवा, फक्त आपला इंडियन नसू दे, नाहीतर व्हिसाचं अवघड होईल. तिचं तेवढं मला प्रामाणिक वाटलं. निदान तिनं आपली भीती तरी लपवली नाही.

मी विचारलं, मेलेली कोण आहेत?

कुणालाच माहीत नव्हतं. ते तर पडद्यावर सांगत होते, पण तेवढ्या वेळात हे मोठ्यानं बोलत होते.

मग नाव आलं. नाव आलं, फोटो आला. गोरा पोरगा. साधा, विटक्या टोपीतला. खोलीत एकदम शांत झालं. वाईट वाटल्याची ती शांतता नव्हती. सर्कशीचं तिकीट काढून आत जावं आणि आज वाघ नाही म्हणून सांगावं, तसे सगळे बसले होते. मग पहिला पोरगा म्हणाला, मेंटल असेल बिचारा. दुसरा म्हणाला, गेनाऊ. क्षणापूर्वी ज्याच्या सगळ्या जातीला फाशी देत होते, त्याच्यासाठी आता डॉक्टर बोलवायला निघाले. पावभाजी परत गरम केली गेली.

मला रस्ता आठवला. जन्मभर बघितलाय. हायवेवर अपघात झाला की गर्दी जमते. पहिला येणारा माणूस काय बघतो? चेपलेल्या माणसाकडे बघतो असं वाटेल तुम्हाला. तो नंबरप्लेट बघतो. पासिंग कुठलं? गाडी परमुलखातली असली की ड्रायव्हर पिऊन होता हे जागेवर ठरतं. गाडी आपल्या जिल्ह्याची असली की ब्रेक निकामी झाला असणार. कर्नाटकात मी दारुडा ठरलोय आणि सांगलीजवळ माझ्यासारखाच एक कन्नड ड्रायव्हर दारुडा ठरलेला मी बघितलाय. दोघांनीही त्या दिवशी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. तिकडं रस्त्यावर पडलेला माणूस पाणी पाणी करत असतो आणि इकडं त्याच्या डोक्यावर उभं राहून माणसं पासिंगवरून भांडतात. ती माणसं अडाणी असतात असं मी समजत होतो. त्या शनिवारी कळलं की शिकूनही हेच येतं, फक्त इंग्रजीत.

रविवारी अमेरिकेतून बाळूचा फोन आला. बाळू माझ्या बहिणीचा मुलगा. तिकडे बरीच वर्षं आहे. मी काळजीनं विचारलं तर म्हणाला, आमच्यापासून लांब आहे ते, मामा. मग मला समजावून सांगायला लागला की त्या कॉलेजात बंदूक नेऊ देत नाहीत, तिथंच चुकलं. सगळ्यांच्या कमरेला बंदूक असती तर त्याला जागेवर आडवा केला असता.

मी म्हटलं, "तुझ्याकडे आहे का रे?"

"घेतली की मामा. पलंगाच्या खणात असते."

"बाळू, तुला शाळेत देवीची लस टोचली तेव्हा तू बेशुद्ध पडला होतास. मी तुला खांद्यावर घालून आणलं होतं."

तो हसला, म्हणाला मामा तुम्हाला इथलं कळायचं नाही. आता हे वाक्य मी कुठून कुठून ऐकलंय म्हणून सांगू. सुधीर म्हणतो इथलं कळायचं नाही, बाळू म्हणतो तिथलं कळायचं नाही. गावी गेलो की सरपंच म्हणतो आबा, आताचं कळायचं नाही. म्हणजे मला कळेल अशी जागा आता एकच उरली, ट्रकची केबिन, आणि ती भंगारात गेली.

फोन ठेवल्यावर सुधीर म्हणाला की सरळ बंदुकाच बंद केल्या पाहिजेत. त्याचं बरोबर असेल. मला तरी बरोबर वाटतं. पण उद्या पाऊस आहे म्हणावं तसं तो म्हणाला, आणि पुढच्याच श्वासात मेघनाला विचारलं की काचेच्या बाटल्या टाकायला कधी जायचं. बरोबर बोलणाऱ्या माणसाचाही कधी कधी राग येतो.

आता आमच्या इमारतीविषयी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही वरच्या मजल्यावर. आमच्या बरोबर खाली कॅरल, साठीची अमेरिकन बाई, एकटी. तळावरच्या दुकानात काम करायची आणि तरुणपणापासून इथंच होती. तिच्या समोरच्या दारात हेर क्लाइन, इमारतीचा हाउसमाइस्टर. म्हणजे दिवे, नळ, कचऱ्याचे डबे आणि लोकांच्या चुका, एवढं सगळं बघणारा माणूस. जिना पुसायची पाळी एकेका घराकडे आठवडाभर असते. त्याची एक लाकडी पाटी आहे. आपला आठवडा संपला की ती पुढच्या घराच्या दाराच्या मुठीला अडकवायची. आमच्यानंतर कॅरल, कॅरलनंतर क्लाइन. असा क्रम.

कॅरलचं आणि माझं पटत नव्हतं. मी आल्या आल्या एकदा सुकट भाजली होती. गावाहून आणलेली, चांगली. हिनं क्लाइनकडे तक्रार केली की वरच्या मजल्यावर काहीतरी मेलंय. तेव्हापासून ती जिन्यात भेटली की मी भिंतीकडे बघत चढायचो. ती हॅलो म्हणायची, मी भिंतीला हॅलो म्हणायचो. मेघना म्हणायची, आबा, लहान मुलासारखं काय करता. सुकट काय आहे ते ज्याला कळत नाही, त्याच्याशी मी बोलत नाही.

हेर क्लाइन बातमी आल्यापासून खुशीत होता. कचऱ्याच्या डब्यांपाशी सुधीरला धरून तो सांगायचा की आमी लोक असेच, रानटी, आमच्याकडे असलं होत नाही. काही वर्षांपूर्वी यांच्याच देशात एका शाळेत असंच झालं होतं, हे मला सुधीरनंच सांगितलेलं. मी सुधीरला म्हटलं, विचार की त्याला. सुधीरनं भीत भीत विचारलं. क्लाइन म्हणाला, आल्झो, म्हणजे हे बघा, ती गोष्ट वेगळी, तो एक वेडा पोरगा होता. आपल्या घरचा तो एकटा वेडा आणि दुसऱ्याच्या घरचा म्हणजे सगळं खानदान. हा हिशेब जगात कुठंही जा, पाठच असतो माणसांना.

मग सोमवारी दोन माणसं आली. एकाच्या खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात काठीला बांधलेला केसाळ माइक, मेलेल्या मांजरासारखा. त्यांनी क्लाइनची बेल वाजवली. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. तो टोपीतला पोरगा कॅरलच्या बहिणीचा मुलगा होता. बहिणीचं काही धड नव्हतं तेव्हा लहानपणी काही वर्षं तो इथं होता, मावशीकडे. याच जिन्यानं शाळेत जायचा. कॅरलच्या दारात शिरताना दिसतो तो उंबऱ्याचा ओरखडा त्याच्या सायकलचा. क्लाइननंच एकदा ती सायकल दुरुस्त करून दिली होती, आणि हे तो पूर्वी कौतुकानं सांगायचा, असं मेघना म्हणाली. आता तो कॅमेऱ्यापुढे सांगत होता की मला तेव्हाच त्याची नजर बरी वाटली नव्हती.

त्या दिवसापासून आमचा जिना बदलला. माणसं कॅरलच्या दारासमोरून चवड्यांवर जायला लागली, आत तान्हं बाळ झोपल्यासारखी. तिची लाल फुलांची कुंडी खाली प्रवेशाशी असायची, ती कुणीतरी कोपऱ्यात, मीटरच्या पेटीमागं सरकवली. क्लाइन म्हणायला लागला की घरमालकाच्या कानावर घालायला पाहिजे, बाईनंच दुसरं घर बघितलेलं बरं, रोज कॅमेरे आले तर इमारतीचं नाव जाईल. शनिवारच्या मंडळींपैकी दोघं मुद्दाम आमच्याकडे येऊन गेले. एरवी बोलावल्याशिवाय येत नाहीत. खालीच का, हेच दार का, असं विचारत होते. ओळख नव्हती तेव्हा तो पोरगा मेंटल, बिचारा होता. तो खालच्या मजल्यावरचा निघाल्यावर बिचारा राहिला नाही.

ती बाई मात्र दिसली नाही. रोज तिच्या घरातून सकाळी कॉफीचा वास वर यायचा, जळकट. तो येईना. मी दोन सकाळी खिडकीत बसून वाट बघितली. माझं नाक सुकटीवर वाढलेलं आहे, ते चुकत नाही. खाली काही शिजत नव्हतं.

आमच्याकडे ज्या घरी मयत होतं त्या घरी चूल पेटत नाही. शेजारचं घर पिठलं-भाकरी करून नेतं. त्याला कडू घास म्हणतात. नेणारानं काही विचारायचं नाही. कसं झालं, कधी झालं, काही नाही. ठेवायचं, बसायचं, त्यांनी दोन घास खाल्ले की उठायचं. येतो म्हणून सांगायचंसुद्धा नाही. आणि त्या घरातून काही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा. आपलं भांडं रिकामं परत आणायचं.

मी लहान असताना आमच्या गल्लीत शेवंताबाई होती. तिच्या विलासनं पाण्याच्या पाळीवरून एकाच्या डोक्यात फावडं घातलं. तो माणूस मेला, विलासला पोलिसांनी नेलं. गावात त्या दिवशी दोन चुली बंद होत्या. माझ्या आईनं पिठल्याचं पातेलं मोठं चढवलं तेव्हा वडिलांना वाटलं पाहुणे येणार आहेत. तिनं आधी मेलेल्याच्या घरी नेऊन दिलं. मग दुसरी टोपली उचलून शेवंताबाईच्या दाराकडे वळली. गल्ली सगळी उंबऱ्यावर उभी. वडील आडवे आले. म्हणाले, खुन्याच्या घरी घास नेतीस? आई म्हणाली, "विलासला नाही नेत. तिची चूल बंद आहे." आणि गेली. आमची आई फार गोड बाई होती असं समजू नका. शेवंताबाईशी तिचं गोवऱ्यांवरून वर्षभर भांडण होतं.

तर त्या आठवड्यात रविवारी आमची जिन्याची पाळी संपली होती. पाटी कॅरलच्या दाराला जायला पाहिजे होती. मंगळवारी मी खाली फिरायला निघालो तर पाटी क्लाइनच्या दाराला. कॅरलची मूठ मोकळी. मी समजलो, क्लाइनचं काम. वर येऊन मेघनाला म्हटलं, बघितलास का त्याचा नीचपणा. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "आबा, ती मी लावली तिकडे. तिला आत्ता कुठं जिना पुसायला लावायचं? बरं दिसतं का ते?"

बोलणं मऊ होतं. माझी सून वाईट नाही. पण तिच्या दारावर जायचं नव्हतं हे मला तिच्या पाठीवरून दिसत होतं. मी म्हटलं, मग तिचा जिना आपण पुसू, पण पाटी तिच्याच दाराला राहील. सुधीर मध्ये पडला. "आबा, तुम्ही यात पडू नका. ही साधी गोष्ट नाहीये. कॅमेरेवाले परत येतील, आपलं नाव येईल, आपण इथं परके आहोत." मी म्हटलं, तीसुद्धा. तो म्हणाला, तुम्हाला इथलं कळायचं नाही.

बुधवारी दोघं कामावर गेल्यावर मी पिठलं लावलं. ट्रकवाल्याला स्वयंपाक येतो, त्यात मोठेपणा नाही. लसूण ठेचला, मिरची घातली, फोडणीचा खकाणा सगळ्या जिन्यात गेला असणार. म्हटलं जाऊ दे, करू दे तक्रार. ज्वारीचं पीठ गावाहून आणलेलं होतं. इथल्या काचेच्या शेगडीवर भाकरी फुगत नाही, कडेला कच्ची राहते, तरी थापल्या. स्टीलच्या डब्यात भरलं आणि खाली उतरलो. आधी क्लाइनच्या दाराची पाटी काढली, कॅरलच्या मुठीला अडकवली. मग बेल वाजवली.

बऱ्याच वेळानं दार बोटभर उघडलं. फटीतून एक डोळा. तिला वाटलं असेल परत माइक आला. मी डबा वर धरला. ती काहीतरी म्हणाली. मला इंग्रजीतले चार शब्द येतात, त्यातला मी एक काढला. म्हटलं, "ईट."

तिनं दार उघडलं. आत पडदे ओढलेले, टीव्ही बंद, टेबलावर न फोडलेल्या टपालाचा ढीग. भिंतीवर फोटोची एक चौकट पालथी करून टांगलेली होती. मी खुर्चीवर बसलो. ती समोर बसली आणि बोलायला लागली. खूप बोलली. मला एक अक्षर कळत नव्हतं, मध्ये मध्ये फक्त त्या पोराचं नाव, डॅनी, डॅनी, ऐकू यायचं. मला वाटतं म्हणूनच ती बोलली. ज्याला कळतं तो लगेच मत देतो. एकदा तिनं मला काहीतरी विचारलं, मग तेच परत विचारलं, माझ्याकडे टक लावून. मी मराठीतच म्हटलं, "आधी खा. मग बघू."

तिनं काट्यानं पिठलं उचललं. भाकरी कशी मोडायची ते मी दाखवलं. दुसऱ्या घासाला तिच्या नाकातून पाणी आलं, मग डोळ्यांतून. मिरचीनं आलं की कशानं, ते मी ठरवायला गेलो नाही. तिनं खाल्लं. मी उठलो. डबा अर्धा भरलेला होता म्हणून तिथंच ठेवला आणि न बोलता वर आलो.

संध्याकाळी घरात महाभारत झालं. पाटी बघून सुधीर लाल झाला होता. म्हणाला, आबा, तिच्यावर एवढा प्रसंग आणि तुम्ही तिला झाडू मारायला लावता? लोक काय म्हणतील? क्लाइननंही त्याला गाठून सांगितलं होतं की तुझ्या वडिलांनी हे बरं केलं नाही, थोडी माणुसकी पाहिजे. क्लाइन. माणुसकी. मी हसलो, त्यानं सुधीर आणखी चिडला. मी त्याला एवढंच म्हटलं की बाबा रे, तुमच्या क्रमातून एकदा माणूस वगळला की परत कुणी घेत नाही. मी हे बघितलंय. आज जिन्यातून, उद्या घरातून.

तो काही पटवून घेणारा नाही. माझाच मुलगा आहे.

शनिवारी सकाळी जिन्यात खरखर ऐकू आली. मी कठड्यावरून वाकून बघितलं. कॅरल जिना पुसत होती. केस बांधलेले, हातात रबरी मोजे, एकेक पायरी कोपऱ्यापासून काढत. अशी पुसत होती की आमच्या मेघनानं कधी पुसली नसेल. क्लाइन खालून आला, थांबला. ओल्या पायरीवर पाय कसा द्यायचा हा त्याच्यासारख्या माणसाला प्रश्नच. ती त्याला म्हणाली, थांब, वाळू दे. जर्मनमध्ये, खणखणीत. आणि तो थांबला. हाउसमाइस्टर हातात पिशवी घेऊन भिंतीला टेकून उभा राहिला. मी ते दृश्य पुरतं बघितलं. मग तिनं कुंडी मीटरमागून ओढून परत प्रवेशाशी ठेवली.

त्याच दुपारी आमच्या दाराच्या मुठीला पिशवी. आत माझा डबा, आणि डबा भरलेला. श्पार्गेल. सोललेले, उकडलेले, वर लोणी वितळलेलं, अजून कोमट.

मेघनानं डबा ओट्यावर ठेवला आणि दोन पावलं मागं झाली. कॉम्प्युटरवर जगाचं काम करणारी माझी सून. म्हणाली, "आबा, हे खायचं नसतं ना? सुतकाचं आहे. आणि शिवाय..."

शिवाय काय, ते तिनं पुरं केलं नाही. सुधीर खिडकीबाहेर बघायला लागला. मला त्या दोघांची एकदम गंमत वाटली. एरवी या घरात कधी सुतक आठवलं नव्हतं. माझ्या चुलतभावाचं कळलं तेव्हा त्याच दिवशी केक कापला होता, जाऊ दे, ते धरून ठेवलेलं नाही मी. पण आज नेमका शास्त्राचा आधार सापडला.

रीत मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होती. त्या घरचं भांडं भरून येत नाही. आलं तर रस्त्यावर रितं करतात. आई असती तर तिनं रितं केलं असतं, हेही मला माहीत होतं. पण त्या बाईला कुठून माहीत असणार? तिनं कुठल्यातरी टपरीपुढं रांगेत उभं राहून ते आणलं असणार. रांगेतल्यांनी तिला ओळखलं असेल किंवा नसेल. घरी येऊन एकेक कांडी सोलली असणार. सोलताना ती मोडते, हात हलका लागतो.

मी खुर्ची ओढली. म्हटलं, "मीठ दे."

मेघनानं दिलं नाही. मग सुधीरनं, खिडकीकडे तोंड ठेवूनच, हात लांब करून मिठाची डबी माझ्याकडे सरकवली. मी सगळे खाल्ले. चव काही नव्हती. तंतू दातात अडकले. शेवटची कांडीसुद्धा ठेवली नाही. डबा घासला आणि फळीवर ठेवला.

माझी मुदत संपली, मी गावी परतलो. पुढं हिवाळ्यात सुधीर फोनवर हवापाण्याचं बोलता बोलता म्हणाला, खालची कॅरल गेली, बहिणीकडे, अमेरिकेला. कुणी काढलं का तिला, मी विचारलं. म्हणाला, नाही, तिची तीच गेली. घरमालकाला कुणी सांगितलंच नव्हतं म्हणे. आता तिथं एक तरुण जर्मन जोडपं आहे. चांगली माणसं आहेत, सगळे म्हणतात. कुणाची नातेवाईक ते अजून कळलेलं नाही, म्हणून चांगली आहेत. उंबऱ्याचा ओरखडा तसाच आहे, मी आल्या दिवशी बघून घेतला.

काल शनिवार होता. मंडळी आमच्याकडे. सोफ्यावर तीच पोरं, एक-दोन नवी, गेनाऊ म्हणणारा आता थोडा सुटलाय. टीव्हीवर परवाचीच बातमी. नाव अजून आलेलं नाही. कुणीतरी म्हणालं, शंभर टक्के. दुसऱ्यानं आपलं शंभर टक्के वेगळं सांगितलं. मी ओट्यापाशी उभा राहून टपरीवरून आणलेली जुडी सोलत होतो. या घरात ते कुणी खात नाही. मीही आवडीनं खात नाही. तरी जुडी आणली होती.

"आबा, तुम्ही सांगा," सोफ्यावरून एक जण ओरडला. "तुम्हाला काय वाटतं, कोण असेल?"

मी कांड्या उकळत्या पाण्यात सोडल्या आणि मेघनाकडे वळून म्हटलं, मीठ कुठं ठेवलंस?

ती शेजारीच उभी होती. या खेपेला तिनं दिलं.